घराण्याचा आजार

१९६२ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात एक रुग्ण दाखल होता. अट्टल पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की अंगाला थरथर सुटते, भलतंसलतं दिसू लागतं, माणूस बरळतो. त्या भ्रमातून तो नुकता सावरत होता. अशा रुग्णात त्या काळी कुणाला फारसा रस नसे. शुद्धीवर आणायचं, दारू सोडा म्हणून बजावायचं आणि घरी पाठवायचं. त्याला तपासायला आलेल्या निवासी डॉक्टरने मात्र विचारलं, की तुम्ही एवढी का पिता? आपल्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, आपणही त्यानेच जाणार, म्हणून पितो, असं त्या माणसाने सांगितलं.

हे वाक्य दारुड्याची सबब म्हणून सोडून देता आलं असतं. त्यात निराशा दिसली असती तर मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी लिहून मोकळं होता आलं असतं. हेन्री लिंच या चौतीस वर्षांच्या डॉक्टरने दोन्ही केलं नाही. त्याने ते वाक्य वैद्यकीय माहिती म्हणून घेतलं आणि विचारायला सुरुवात केली: कोण कोण गेलं, कशाने गेलं, किती वर्षांचं असताना गेलं? कॅन्सरच्या आनुवंशिकीचा आधुनिक इतिहास लिहायचा तर तो प्रयोगशाळेतून सुरू करण्याऐवजी या खाटेपासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. ऐकणाऱ्याचे कान कसे घडले होते, याला त्या इतिहासात मोठी जागा आहे.

लिंच यांचा जन्म १९२८ सालचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावचा. शाळा त्यांनी अर्धवट टाकली. सोळाव्या वर्षी चुलतभावाचं ओळखपत्र दाखवून ते नौदलात शिरले आणि महायुद्धात तोफेवर उभे राहिले. युद्धानंतर काही काळ त्यांनी व्यावसायिक मुष्टियुद्धं केली. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, हात लांब. या उद्योगातून जो माणूस बाहेर पडला तो सरळ अभ्यासाला लागला. ओक्लाहोमा विद्यापीठाची पदवी, मग १९५२ मध्ये डेन्व्हर विद्यापीठातून चिकित्सा मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी. त्यानंतर टेक्सासमध्ये मानवी आनुवंशिकीचा अभ्यास, आणि तिथूनच वैद्यकाकडे वळून १९६० मध्ये गॅल्व्हेस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरकी. आधी मन, मग आनुवंशिकता, मग शरीर, असा हा क्रम. त्या काळच्या वैद्यकात या तीन विद्या एकमेकींच्या अंगणातही जात नव्हत्या. लिंच यांच्या डोक्यात त्या एकत्र नांदत होत्या.

रुग्णाने सांगितलेली नावं घेऊन लिंच कामाला लागले तेव्हा त्यांना एक जोडीदार मिळाली. अ‍ॅन क्रश नावाच्या या बाई वैद्यकीय समाजसेविका होत्या. लोकांच्या घरी जाणं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलतं करणं, हा त्यांचा व्यवसाय. वंशावळ उभी करण्याचं काम दोघांनी हाती घेतलं. हे काम नेमकं कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कागदावर पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. नवराबायकोला जोडणारी आडवी रेघ, तिच्यातून खाली उतरणारी उभी रेघ, तिला लटकलेली मुलं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. कॅन्सर झालेला असेल तर आकृती काळी भरायची, बाजूला अवयव आणि वय. ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बोट दाखवणारा एक बाण. चिन्हं इतकीच, पण प्रत्येक काळ्या आकृतीमागे पुरावा लागतो. आत्या सांगते, काकांच्या पोटात काहीतरी होतं. पोटात म्हणजे जठरात, यकृतात, की मोठ्या आतड्यात? आजीला बायकांचा आजार होता. म्हणजे गर्भाशयाचा, की अंडाशयाचा? मग मृत्यूचे दाखले मागवायचे, गावोगावच्या इस्पितळांना पत्रं लिहायची, जुन्या शस्त्रक्रियांचे पॅथॉलॉजीचे अहवाल मिळवायचे, आणि शक्य असेल तिथे गाठीच्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या.

आपल्याकडे कुलवृत्तांतांची मोठी परंपरा आहे. मूळ पुरुषापासून आजवरच्या पिढ्या, कोण कुठे स्थायिक झालं, कुणी काय शिक्षण घेतलं, हे त्यांत निगुतीने नोंदलेलं असतं. पण जुन्या कुलवृत्तांतांत लेकीचं लग्न झालं की तिची शाखा बहुधा तिथेच थांबते, आणि माणूस कशाने गेला हे तर क्वचितच सापडतं. लिंच आणि क्रश यांना नेमक्या याच दोन गोष्टी हव्या होत्या. दोष आईकडून जसा येतो तसाच बापाकडून येतो, आणि लेकीकडे जितका जातो तितकाच लेकाकडे. सासरी गेलेल्या आत्याची, मावशीची मुलं शोधल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. कधीकधी बाप स्वतः ठणठणीत असतो, पण त्याच्या बहिणी पन्नाशीच्या आत गेलेल्या असतात आणि त्याची मुलगी आजारी पडते. बापाकडची बाजू विचारलीच नाही तर डॉक्टर म्हणणार, घरात कुणाला नाही, हिलाच कसा झाला कोण जाणे.

पहिल्यांदा लिंच यांना वाटलं की ही पॉलिपोसिसची केस असावी. या विकारात मोठ्या आतड्यात शेकडो मोड उगवतात, त्यांतून कॅन्सर होतो आणि तो घराण्यात चालतो, हे तेव्हा माहीत होतं. पण या घराण्यातल्या लोकांच्या आतड्यांच्या अहवालांत शेकडो मोड कुठेच नव्हते. आतडं दिसायला इतर कुणाच्याही आतड्यासारखं, आणि तरी पंचेचाळिशीच्या आसपास त्यात कॅन्सर. तोही बऱ्याचदा उजव्या बाजूला, जिथे साध्या तपासणीत नजर पोचत नाही. बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जोडीला. पुस्तकात या वर्णनाचं काहीच नव्हतं.

१९६४ मध्ये अमेरिकेच्या मानवी आनुवंशिकी संघटनेच्या अधिवेशनात लिंच यांनी हे नेब्रास्काचं घराणं मांडलं. मिशिगन विद्यापीठाच्या मार्जरी शॉ यांना ते वर्णन ओळखीचं वाटलं, कारण तसंच एक घराणं त्यांच्याही पाहण्यात होतं. दोन्ही घराणी एकत्र करून १९६६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. मग मिशिगनच्या पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख जेम्स फ्रेंच यांच्याकडून लिंच यांना एक आमंत्रण आलं. त्यांच्या विभागात एका तिसऱ्या घराण्याचे जुने कागद पडून होते, ते लिंच यांनी येऊन पाहावेत, असं.

ते कागद १८९५ पासूनचे होते. त्या वर्षी मिशिगनचे पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांच्या घरी शिवणकाम करणारी एक बाई फार उदास दिसली. वॉर्थिन यांनी कारण विचारलं. तिने सांगितलं की आपण तरुणपणीच मरणार, कारण आपल्या घरातले बहुतेक लोक आतड्याच्या किंवा बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने गेले आहेत. त्या वेळी ती धडधाकट होती. पुढे ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या बोलण्यावरून तिच्या घराण्याचा माग काढला. मूळ पुरुष जर्मनीतून अमेरिकेत आलेला होता. १९१३ मध्ये वॉर्थिन यांनी या घराण्याची हकिगत छापली, नाव न देता फक्त ‘जी’ हे अक्षर वापरून. ज्या नियतकालिकात ती छापली त्याच नियतकालिकात त्रेपन्न वर्षांनी लिंच यांचा निबंध आला, आणि मधल्या काळात वैद्यकाने त्या पहिल्या निबंधाकडे जवळजवळ पाठ फिरवलेली होती.

पाठ फिरवण्यामागे विज्ञानाची कारणं होती, तशी समाजाचीही होती. त्यांतलं सामाजिक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उतारवयात वॉर्थिन सुप्रजाजननाच्या विचाराकडे झुकले. अमुक घराणी दुबळी, अमुक सशक्त, दुबळ्यांची वाढ थांबली तर समाज सुधारेल, हा तो विचार. त्या काळी अमेरिकेत तो केवळ चर्चेत नव्हता, कायद्यात होता. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. पुढे जर्मनीत या विचाराने काय केलं ते जगाने पाहिलं, आणि महायुद्धानंतर आनुवंशिकतेबद्दल बोलणाऱ्याकडे लोक संशयाने बघू लागले. त्यातच १९६० च्या दशकात कॅन्सरचं मूळ विषाणूंत आणि रसायनांत शोधण्याची लाट होती. १९६४ मध्ये अमेरिकन सरकारचा धूम्रपानाबद्दलचा अहवाल आला. विषाणू शोधण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर मोठा कार्यक्रम सुरू झाला. अशा वेळी घराणं, रक्त, वारसा हे शब्द जुनाट वाटत. लिंच यांना उत्तर मिळे की एका घरातले लोक एकाच मातीतलं खातात, एकाच विहिरीचं पितात, त्यांना एकच आजार झाला तर त्यात नवल ते काय? सरकारी अनुदानासाठीचे त्यांचे अर्ज पुन्हापुन्हा परत आले.

शंका घेणाऱ्यांना मूर्ख म्हणता येत नाही. कॅन्सर सर्रास होणारा आजार आहे, मोठ्या कुटुंबात चार जणांना योगायोगानेही होऊ शकतो. लिंच यांच्याकडे त्यावर एकच उत्तर होतं: आणखी घराणी, आणखी पिढ्या, आणखी काटेकोर पुरावे. १९६७ मध्ये ते ओमाहाच्याच क्रेटन या जेझुइट विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. वॉर्थिनच्या घराण्याचा त्यांनी आणि क्रश यांनी नव्याने शोध घेतला आणि १८९५ ते १९७० अशा पंचाहत्तर वर्षांचा आढावा १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट विलक्षण होती. जुन्या पिढ्यांत जठराचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर जास्त, पुढच्या पिढ्यांत जठराचा कमी होत जाऊन मोठ्या आतड्याचा वाढलेला. अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येतही त्याच काळात असाच बदल झाला होता. म्हणजे वारसा तोच, पण तो कोणत्या अवयवात प्रकट होणार हे भोवतालच्या जगण्यावरही ठरत होतं. आनुवंशिकता की परिस्थिती, या वादात उभं राहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या कागदांतच दोन्ही होत्या, आणि त्याने दोन्ही छापल्या.

मात्र लिंच यांचं जे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वंशावळीच्या कागदावर मावत नाही. त्यांनी या घराण्यांतली भीतीही तितक्याच गंभीरपणे अभ्यासली. मानसशास्त्र शिकलेला माणूस आणि समाजसेविका अशी ही जोडी होती, त्यामुळे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं की ज्याच्या घरात आजार आहे तो डॉक्टरकडे लवकर जाईल हा तर्क माणसांना लागू पडत नाही. कित्येक जण उशिराच जातात. गाठ हाताला लागते, महिनोन्महिने कुणाला सांगत नाहीत. शौचातून रक्त जातं, मूळव्याध म्हणून दुर्लक्ष करतात. आई ज्या वयात गेली ते वय जवळ आलं की मुलगी आतून हादरते, आणि ते वय ओलांडलं की आपण उसन्या दिवसांवर जगतोय असं तिला वाटतं. घरात आजाराचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम असतो. किंवा उलट, एखाद्या मुलाचा चेहरा वारलेल्या बापासारखा म्हणून सगळे मनातून ठरवून टाकतात की आता याची पाळी. ओमाहाच्या त्या पहिल्या रुग्णाने तेच स्वतःपुरतं ठरवलं होतं आणि त्यावर उपाय म्हणून दारू धरली होती. समूहाची समजूत एकट्या माणसाच्या वागण्यात कशी उतरते, हा सामाजिक मानसशास्त्राचा मूळ प्रश्न. इथे तो जीवनमरणाचा झाला होता.

यावर लिंच यांनी काढलेला मार्ग साधा आणि कष्टाचा होता. घराण्याला इस्पितळात बोलावण्याऐवजी ते घराण्याकडे जात. पत्नी जेन स्वतः नर्स होत्या आणि या दौऱ्यांत, मुलाखतींत, नोंदींत आयुष्यभर बरोबर राहिल्या. आतेमामेभावंडं, चुलते, मावश्या यांना सोयीच्या एखाद्या गावी एकत्र बोलावलं जाई. लिंच सगळ्यांसमोर आजार कसा चालतो ते समजावून सांगत, प्रश्नांना उत्तरं देत. रक्ताचे नमुने घेतले जात, प्रश्नावल्या भरून घेतल्या जात. मग ज्याला हवं त्याच्याशी एकांतात बोलणं होई. लिंच यांनी या पद्धतीला कुटुंब माहिती सेवा असं नाव दिलं. पिढ्यानपिढ्या कुजबुजत बोलली गेलेली गोष्ट इतक्या लोकांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली जाई, आणि कुणाच्या तरी लक्षात येई की ही भीती आपल्या एकट्याची नाही. सगळ्यांना सगळं ऐकायचं नसे. काही जण येतच नसत, काही मधूनच उठून जात. त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही हा पहिला नियम. वॉर्थिन यांना घराण्यात वंश दिसला होता, लिंच यांना त्यात माणसं दिसली. दोघांमधलं खरं अंतर इथे आहे.

ओळख हळूहळू मिळत गेली. १९८४ मध्ये रिचर्ड बोलंड यांनी या विकाराला लिंच यांचं नाव दिलं. त्याच सुमारास क्रेटनमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. १९९१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी ‘आम्सटरडॅम निकष’ प्रसिद्ध केले: मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेले किमान ३ नातेवाईक, सलग २ पिढ्या, त्यांतल्या किमान एकाला वयाच्या ५० च्या आत. आता जगभर एकाच मापाने घराणी मोजता येऊ लागली.

आणि मग दोन वर्षांत सगळं पालटलं. १९९३ मध्ये बर्ट फोगेलस्टाइन आणि फिनलंडचे आल्बर्ट दे ला शापेल यांच्या गटांना दुसऱ्या गुणसूत्रावर या विकाराचा माग लागला. गाठींच्या डीएनएमध्ये एक विचित्र खूण होती. एकाच अक्षरसमूहाची पुनरावृत्ती असलेले छोटे तुकडे जागोजाग लांबी बदललेले होते. ही खूण पाहून यीस्ट आणि जिवाणूंवर काम करणारे शास्त्रज्ञ चमकले, कारण तसला बिघाड त्यांच्या ओळखीचा होता. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते तेव्हा चुका राहतात, आणि छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी काही प्रथिनं त्या शोधून दुरुस्त करतात. ती यंत्रणा बिघडली की नेमका असाच गोंधळ होतो. वर्ष संपता संपता एमएसएच२ हे जनुक हाती लागलं, १९९४ मध्ये एमएलएच१. जिवाणूंमधली ही दुरुस्ती उलगडणारे पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आतड्याच्या कॅन्सरचं कोडं जिवाणूंच्या अभ्यासाने सुटावं, ही विज्ञानातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. पण जनुक शोधायला घराणी लागतात, आणि मृत्यूचे दाखले जोडून सिद्ध केलेली घराणी लिंच यांनी तीस वर्षं सांभाळून ठेवलेली होती.

स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची कथाही समांतर चालली होती. हे दोन कॅन्सर काही घराण्यांत जोडीने येतात हे लिंच यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मांडलं होतं. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर स्तनाच्या कॅन्सरच्या जनुकाची जागा दाखवली. लिंच, स्टीव्हन नॅरोड आणि फ्रान्सचे गिल्बर्ट लेन्वार यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिलं की स्तन आणि अंडाशय दोन्हींचा कॅन्सर असलेल्या घराण्यांतही दोष तिथेच आहे. १९९४ मध्ये ते जनुक, म्हणजे बीआरसीए१, प्रत्यक्ष हाती आलं.

आता लिंच यांच्यापुढे पूर्वी कधी नव्हता असा प्रसंग उभा राहिला. तोवर ते घराण्याला एवढंच सांगू शकत होते की प्रत्येक मुलाला दोष येण्याची शक्यता निम्मी. आता रक्ताच्या नळीवरून सांगता येणार होतं की तुमच्यात आहे, तुमच्या बहिणीत नाही. असं सांगितल्यावर माणसाचं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चांगली बातमी मिळालेलेही सगळे आनंदून जात नसत. आपण सुटलो आणि धाकटी अडकली, हे काही जणांना अपराधासारखं खात राही. आयुष्यभर आपण मरणार हे धरून चाललेल्या माणसाला अचानक लांब आयुष्य समोर आलं की त्याचं काय करायचं हे समजत नसे. ज्या बाईने दोष असणार हे गृहीत धरून आधीच स्तन काढून घेतले होते तिला दोष नव्हताच, असंही निघू शकत होतं.

या प्रश्नाला लिंच यांच्या घराण्यांच्या आधारे मोजमापाने भिडण्याचं काम कॅरिन लेर्मन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलं. अशा घराण्यांतल्या २७९ प्रौढांचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत लिंचही होते. त्यांतल्या सुरुवातीची मुलाखत दिलेल्यांपैकी निकाल हातात घेण्याची तयारी सुमारे ६० टक्क्यांनी दाखवली, ४० टक्क्यांनी नकार दिला. इतकी वर्षं मृत्यूशी झुंजलेल्या घराण्यांतले दहापैकी चार जण म्हणत होते की आम्हाला जाणून घ्यायचं नाही. ज्यांनी निकाल घेतला त्यांपैकी दोष नसलेल्यांचं नैराश्य कमी झालं. दोष असलेल्यांचं वाढलं नाही, आणि डॉक्टरांना सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटत होती. दोनच वर्षांनी त्याच गटाचा दुसरा निबंध आला. त्यात न बघणाऱ्यांकडे बघितलं होतं. मुळात कॅन्सरची धास्ती जास्त असलेल्या आणि तरी निकाल नाकारणाऱ्या लोकांत नैराश्याचं प्रमाण महिन्याभरात २६ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेलं होतं. वाईट बातमीने माणूस मोडेल म्हणून ती दडवायची, हा डॉक्टरांचा आणि घरच्यांचाही जुना रिवाज. तो मोडण्यासाठी आकडे लागत होते, ते इथे मिळाले. तरीही या निकालांचा आधार घेऊन कुणाला चाचणीला ढकलावं असं मला वाटत नाही. नकार देणाऱ्यांचीही आपापली कारणं असतात: नोकरी, विमा, लेकीचं लग्न, किंवा नुसतं आणखी थोडे दिवस न कळता जगावं असं वाटणं. विम्याची आणि नोकरीची भीती काल्पनिक नव्हती. अमेरिकेत त्यासाठी २००८ मध्ये कायदा करावा लागला, आणि तोही आयुर्विम्याला लागू नाही.

दोष कळल्यावर करण्यासारखं काही आहे का, हा पुढचा रास्त प्रश्न. आतड्याच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. फिनलंडमध्ये लिंच विकाराच्या २२ घराण्यांतल्या २५२ लोकांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांनी दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतली त्यांच्यात आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यांच्यातला एकही जण त्या कॅन्सरने गेला नाही. तपासणी न केलेल्यांतले ९ गेले. हा अभ्यास २००० सालचा. पुढे जॉन बर्न यांच्या चमूने रोज ॲस्पिरिन देऊन कॅन्सरचं प्रमाण घटतं हे २०११ मध्ये दाखवलं. २०१७ मध्ये अशा दुरुस्ती बिघडलेल्या गाठींवर, त्या कोणत्याही अवयवातल्या असोत, रोगप्रतिकारशक्तीला जागं करणारं पेम्ब्रोलिझुमॅब वापरायला अमेरिकेत परवानगी मिळाली.

वॉर्थिनच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला दोष नेमका कोणता, हे २००० साली कळलं. एमएसएच२ जनुकात एका जागी एक अक्षर बदललेलं होतं. त्या घराण्याचे नऊशेहून अधिक वंशज नोंदले गेले आहेत. लिंच २ जून २०१९ रोजी ओमाहात वारले. त्याच वर्षी त्या घराण्यातल्या लेखिका एमी मॅके यांनी आपल्या घराची हकिगत पुस्तकरूपाने आणली. जे घराणं शंभर वर्षं एका अक्षरामागे लपलेलं होतं त्यातल्या कुणी तरी स्वतःच्या नावाने लिहिलं आणि स्वतःला हा दोष आहे हेही सांगितलं.

आज साधारण दर २८० ते ३०० माणसांमागे एकात लिंच विकाराचा दोष असतो असा अंदाज आहे, आणि बहुतेकांना तो ठाऊक नाही. आता पुष्कळ देशांत मोठ्या आतड्याच्या प्रत्येक गाठीवर दुरुस्तीच्या प्रथिनांची तपासणी करण्याची शिफारस आहे. त्यामुळे वंशावळ न विचारताही काचपट्टीवरून दोष ओळखता येऊ लागला. पण एका रुग्णात दोष सापडला की त्याच्या भावंडांना, मुलांना, चुलत आणि मावस भावंडांना कळवायचं असतं. ते बहुतेक ठिकाणी रुग्णानेच करायचं असतं, कारण रुग्णाची माहिती परस्पर नातेवाइकांना देणं डॉक्टरला सहसा शक्य नसतं. वीस वर्षं बोलणं नसलेल्या भावाला फोन करायचा असतो. वाटणीवरून फाटलेल्या चुलत्यांच्या घरी निरोप धाडायचा असतो. ऑपरेशनमधून नुकत्या उठलेल्या माणसावर हे काम येतं. समुपदेशक त्याच्याशी बसून पत्राचा मसुदा करून देतात: आजाराचं नाव, जनुकाचं नाव, चाचणी कुठे होते, कुणाशी बोलायचं. खाली सही रुग्णाची.